‘नॉर्दर्न सोल’मधला नाच खरा का वाटतो? एडिट टेबलावरून उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. एलेन कॉन्स्टंटाइन या ब्रिटिश दिग्दर्शिकेचा ‘नॉर्दर्न सोल’ (२०१४) तुम्ही पाहिलात. सत्तरच्या दशकात उत्तर इंग्लंडमधली कामगार पोरं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘सोल’ गाण्यांवर रात्रभर नाचायची, त्या वेडाची ही गोष्ट. दोन मित्र, लहान गाव, मोठं स्वप्न, मग बिनसणं. गोष्टीत नवं काही नाही, असं तुमचं म्हणणं. पण नाचाचे प्रसंग आले की पडद्यावरून नजर हलत नाही. तुम्हाला नाशिकच्या ब्रेकिंग (ब्रेकडान्स) करणाऱ्या मुलांवर लघुपट करायचाय, आणि तुम्ही विचारताय की हे एडिटिंगमध्ये साधलंय की कॅमेऱ्यात. शिवाय हे सगळं प्रकरण मुळात होतं काय?

मी एडिटर. गाणी आणि नाच कापणं हेच वर्षानुवर्षांचं पोटापाण्याचं काम, त्यामुळे उत्तरही तिथूनच देणार. एडिटिंगमध्ये थोडं साधलंय, कॅमेऱ्यात त्याहून जरा जास्त, आणि बाकी सगळं शूटिंगच्या कितीतरी आधी. त्या गर्दीतल्या पोरांना ते गाणं पाठ आहे. त्यांना नाच येतो हे आहेच, पण गाण्यात पुढे काय येणार हे माहीत असलेलं शरीर वेगळं दिसतं, आणि ते कुठल्याही कटने आणता येत नाही.

टाळीचंच बघा. नॉर्दर्न सोलच्या रात्रींमध्ये गाण्याच्या ठरावीक जागी सगळा हॉल एकदम टाळी वाजवायचा. मध्येच वाद्यं थांबली, ड्रमचा एक फटका आला, की शेकडो हात एका क्षणी. त्यांना कोणी ‘टाळी!’ म्हणून खूण करत नसे. आता हा प्रसंग आपल्याकडे शूट झाला तर काय होतं? शंभर ज्युनिअर आर्टिस्ट, स्पीकरवर गाणं, असिस्टंट हात वर करून इशारा देतो. निम्मे टाळी वाजून गेल्यावर वाजवतात, कारण ते ऐकून वाजवतात. टेबलावर ते मटेरियल आलं की बसा फ्रेम मोजत. मिनिटाला १२० ठोक्यांची लय आणि सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर एका ठोक्याला १२ फ्रेम मिळतात. लय १३०वर गेली की जेमतेम ११. त्यातल्या तीन-चार फ्रेम उशीर झाला की प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे कळतं. आवाज चित्राच्या किंचित मागे असला तर डोळा सांभाळून घेतो. आवाज आधी आणि हात नंतर, हे मात्र अजिबात खपत नाही. आणि ऐकून वाजवलेली टाळी नेमकी तशीच पडते. मग आपण काय करतो? त्या गर्दीवरून पळ काढून नायकाच्या क्लोज-अपवर जातो. गर्दीची दृश्यं तुकड्यातुकड्यांत कापलेली दिसली की समजायचं, गर्दीला गाणं माहीत नव्हतं.

कॉन्स्टंटाइनला अशी पळवाट लागली नाही. ती मूळची उत्तर इंग्लंडच्या लँकेशर भागातल्या ‘बरी’ (Bury) या गावची, छायाचित्रकार म्हणून नावारूपाला आलेली, आणि तरुणपणी स्वतः या रात्रींत नाचलेली. चित्रपटाला पैसे मिळायला बरीच वर्षं लागली. त्या काळात तिने तरुण मुलामुलींना जमवून नाचाचे वर्ग भरवले. जुने नाचणारे शिकवायला, नवे शिकायला, आणि रेकॉर्ड त्याच. कॅमेरा सुरू झाला तोवर त्या मुलांची एक खरीखुरी टोळी तयार झाली होती. पडद्यावरची गर्दी बरीचशी तीच आहे. मुख्य भूमिकांतले इलियट जेम्स लँग्रिज आणि जॉश व्हाइटहाउस यांनाही नाच शिकावा लागला. निर्मात्याच्या हिशेबात हा खर्च बसत नाही, कारण तो ‘प्री-प्रॉडक्शन’च्या कुठल्याच रकान्यात मावत नाही. पण चित्रपटाचा जीव तिथे आहे.

आता नाचाकडे जवळून बघू, कारण तुम्हाला तुमच्या मुलांचं शूटिंग करताना हेच लागणार आहे.

हा जोडीचा नाच नाही. जो तो आपापल्या जागेत, बहुतेक वेळा कुणाकडेही न बघता नाचतो. मुख्य चाल आडवी आहे: डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे, पाय जवळजवळ जमिनीवरून घसरतात. कमरेच्या वर फारशी हालचाल नसते, सगळा कारभार घोट्याखाली. मग मध्येच गिरकी, उंच लाथ, किंवा मागे झोकून देऊन एका हातावर शरीर तोलायचं आणि पुढच्या ठोक्याला परत उभं राहायचं. घसरायचं तर चामड्याच्या तळव्याचे बूट हवेत आणि फरशी गुळगुळीत हवी. म्हणून मुलं खिशात टाल्कम पावडरचा डबा घेऊन यायची आणि आपल्या जागेवर शिंपडायची. कॅरम खेळलेल्या कुणालाही यातलं शास्त्र समजावून सांगायची गरज नाही. रुंद घेराच्या पँट आणि मुलींचे पूर्ण वर्तुळाचे स्कर्ट हेसुद्धा नुसती फॅशन म्हणून नव्हते. गिरकी घेतली की कापड शरीराच्या मागून अर्धा ठोका उशिरा फिरतं, आणि तो उशीर कॅमेऱ्यात फार सुंदर दिसतो. गिरकी कुठे कापायची हे मला विचाराल तर सांगेन, शरीर थांबल्यावर कापू नका, कापड थांबल्यावर कापा.

गिरक्या आणि लाथा कुठून आल्या याबद्दल त्या मंडळींतच दोन मतं ऐकू येतात. इंग्लंडच्या दौऱ्यावर आलेल्या जॅकी विल्सनसारख्या कृष्णवर्णीय गायकांच्या रंगमंचावरच्या करामती हा एक उगम, आणि १९७३-७४ची ब्रूस लीची लाट हा दुसरा. मला दोन्ही पटतात. ज्याने जे पाहिलं ते त्याने उचललं.

कॅमेऱ्याचा प्रश्न इथे येतो. असा नाच छातीपासून वर दाखवला तर हातात काहीच उरत नाही. पाय हवेत, आणि पायांबरोबर चेहराही हवा, म्हणजे पूर्ण शरीर. फ्रेड अस्टेअर याच हट्टासाठी प्रसिद्ध होता: डोक्यापासून पायापर्यंत फ्रेम आणि शक्य तितके कमी कट. पण अस्टेअरसमोर मोकळा स्टेज होता. इथे खच्चून भरलेला अंधारा, घामेजलेला हॉल आहे. वाइड लावलं तर पुढच्या माणसाची पाठ येते. कॉन्स्टंटाइनने कॅमेरा गर्दीच्या आत नेला. त्यामुळे फ्रेम अर्धी झाकली जाते, कोणाचं तरी कोपर मध्ये येतं, मग एकदम जागा होते आणि एक पोरगा पूर्ण दिसतो, चार ठोक्यांपुरता. ते चार ठोके आपण मिळवल्यासारखे वाटतात. शिस्तबद्ध क्रेन शॉटमध्ये हे मिळालं नसतं. एडिटर म्हणून सांगते, अशा मटेरियलमध्ये ‘चुकलेल्या’ फ्रेमच कामाला येतात. लॉगिंग करताना, म्हणजे मटेरियल बघून नोंदी करताना, त्या टाकून देऊ नका.

या गाण्यांवर कापताना एक अडचण येते. ती साठच्या दशकात स्टुडिओत माणसांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत, क्लिक ट्रॅक नाही, म्हणजे लय बांधून ठेवणारा यंत्राचा टिकटिक ठोका नाही. लय शेवटाकडे चढते, मधल्या सोलोला किंचित सैल पडते. आजच्या पोरांना सवय असते टाइमलाइनवर ठोक्यांच्या खुणा टाकून त्या जाळीवर कट बसवायची. इथे ती जाळी दुसऱ्या कडव्यालाच गाण्यापासून सुटते. कानाने कापावं लागतं. तुमची ब्रेकिंगची मुलं जुन्या फंक संगीताच्या ‘ब्रेक’वर, म्हणजे नुसत्या ड्रमच्या तुकड्यावर, नाचत असतील तर तुम्हालाही हेच भोगायचंय.

आवाजाबद्दल आणखी एक. नाच सुरू असताना दोन पात्रं बोलतात असे प्रसंग तुमच्या लघुपटात येणारच. गाणं मोठ्याने लावलं तर संवाद गेले, आणि बंद केलं तर मागची गर्दी ढेपाळते, दर माणसाची लय वेगळी होते. यावर धंद्यातला रुळलेला उपाय असा: गाणं सुरू करून सगळ्यांना लयीत आणायचं, मग गाणं काढून फक्त अगदी खालच्या, तीस-चाळीस हर्ट्झच्या आसपासचा धप-धप ठोका चालू ठेवायचा. तो पायाला जाणवतो, आणि संवादाच्या ट्रॅकमधून नंतर गाळता येतो. त्यासाठी चांगला सबवूफर लागतो, लग्नातला स्पीकर चालणार नाही. आणि बुटांचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा. गाणं वरून टाकल्यावर पायांचा घसरण्याचा, टेकण्याचा आवाज नसेल तर नाचणारे हवेत तरंगतात. त्याच फरशीवर, त्याच बुटांत, गाण्याशिवाय दहा मिनिटं नाचून घ्या. पुढचे कितीतरी दिवस वाचतात.

आता पार्श्वभूमी. ती माहीत नसली तरी चित्रपट कळतो, पण माहीत असली तर त्यातली ईर्ष्या कळते.

‘नॉर्दर्न’ हे उत्तर इंग्लंडचं. सोल मात्र अमेरिकेची, तीही डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फियाची. साठच्या दशकाच्या मध्यावर मोटाउन कंपनीची गाणी जगभर गाजत होती, आणि तसंच काहीतरी काढून आपलंही नशीब उघडेल म्हणून त्या शहरांतल्या असंख्य छोट्या कंपन्यांनी तशाच धाटणीच्या रेकॉर्ड काढल्या. पळती लय, ठाशीव ठोका, वर व्हायोलिनं आणि ब्रास, आणि त्या सगळ्यावर काळीज फाटल्यासारखा आवाज. बहुतेक रेकॉर्ड पडल्या. कंपन्या बुडाल्या, गायक नोकरीधंद्याला लागले, माल गोदामांत गेला. दशक संपता संपता अमेरिकेतले श्रोते फंककडे वळले. मँचेस्टर आणि भोवतालच्या गिरणी-खाणींच्या गावांतली गोरी कामगार पोरं मात्र वळली नाहीत. त्यांना ती जुनी, वेगवान, न चाललेली गाणीच हवी होती.

नाव पडलं ते दुकानदारीतून. डेव्ह गोडिन हा पत्रकार लंडनमध्ये ‘सोल सिटी’ नावाचं रेकॉर्डचं दुकान चालवायचा. फुटबॉलच्या सामन्यासाठी उत्तरेकडून लंडनला आलेले प्रेक्षक दुकानात येत आणि नवा माल बघतही नसत. गोडिनने नोकरांना सांगून ठेवलं, हे आले की यांना ‘नॉर्दर्न सोल’ दाखवा. १९७०मध्ये ‘ब्लूज अँड सोल’ मासिकातल्या त्याच्या लेखातून तो शब्द छापील झाला.

नाचाच्या मुख्य ठिकाणांची नावं कानावर असू द्या. मँचेस्टरचं ‘ट्विस्टेड व्हील’ १९६३मध्ये सुरू झालं आणि १९७१च्या सुरुवातीला बंद पडलं. रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमांची, म्हणजे ‘ऑलनायटर’ची सवय तिथे लागली. मग स्टोकमधलं ‘गोल्डन टॉर्च’, वुल्व्हरहॅम्प्टनचं ‘कॅटाकोम्ब्स’, ब्लॅकपूलच्या ‘मेक्का’ नाचघरातली ‘हायलँड रूम’. आणि सगळ्यांत गाजलेलं ‘विगन कॅसिनो’: २३ सप्टेंबर १९७३ ते ६ डिसेंबर १९८१. नाव कॅसिनो असलं तरी जुगार नव्हता, जुना बॉलरूम होता. दारूही मिळत नसे. मध्यरात्र उलटल्यावर दारं उघडायची आणि सकाळी आठपर्यंत नाच. शेवटची तीन गाणी ठरलेली, त्यांना ‘थ्री बिफोर एट’ म्हणत: जिमी रॅडक्लिफ, टोबी लेजंड आणि डीन पॅरिश यांची एकेक. खांद्याला बॅग, तीत टॉवेल, बदलायचे कपडे आणि पावडरचा डबा. बॅगेवर शिवलेले बिल्ले, त्यांवर आवळलेली मूठ. ती मूठ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीतून आलेली, आणि लँकेशरच्या गोऱ्या पोरांच्या बॅगेवर जाऊन बसलेली. यात काही विसंगती आहे का, असा प्रश्न त्यातल्या बहुतेकांना तेव्हा पडला नसावा. त्यांना त्या आवाजाबद्दल आदर होता, एवढं मात्र खरं.

दारू नाही, मग रात्रभर नाचायचं बळ कुठून? गोळ्यांतून. अ‍ॅम्फेटामिन, बऱ्याचदा औषधांची दुकानं फोडून मिळवलेलं. ट्विस्टेड व्हील बंद पडण्यामागेही हेच होतं. चित्रपट हा भाग लपवत नाही आणि सजवतही नाही. सुया दिसतात, जबडे आवळलेले दिसतात, आणि दुसऱ्या दिवशीचे रया गेलेले चेहरेही.

माझ्या मते मात्र चित्रपटाची खरी चावी रेकॉर्डमध्ये आहे, आणि तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेख नाही. या जगात नाचणारा मोठा, पण डीजे त्याहून मोठा, आणि डीजेचा मोठेपणा त्याच्याकडे अशी कोणती रेकॉर्ड आहे जी दुसऱ्या कोणाकडे नाही यावर ठरायचा. ती मिळवायला माणसं अमेरिकेला जायची, गोदामं उपसायची. मिळाली की तिच्या मधल्या गोल कागदावर दुसरा कागद चिकटवायची आणि खोटं नाव सांगून वाजवायची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला शोधता येऊ नये. याला ‘कव्हर-अप’ म्हणत. फ्रँक विल्सनचं ‘डू आय लव्ह यू (इंडीड आय डू)’ हे याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण. १९६५मध्ये मोटाउनने त्याच्या काही शे नमुना प्रती काढल्या आणि जवळजवळ सगळ्या नष्ट केल्या. वर्षानुवर्षं फक्त दोन प्रती माहीत होत्या. विगनमध्ये ते गाणं ‘एडी फॉस्टर’ या नावाखाली वाजलं. २००९मध्ये त्यातली एक प्रत लिलावात २५,०००हून जास्त पौंडांना गेली, आणि २०२०मध्ये एक लाख पौंडांना सौदा झाला. सात इंची, अडीच मिनिटांची तबकडी!

अशा शोधून आणलेल्या रेकॉर्डचं दुसरं उदाहरण तुम्ही ऐकलेलं आहे, फक्त तुम्हाला ते माहीत नाही. ग्लोरिया जोन्सचं ‘टेंटेड लव्ह’ हे १९६५च्या सुमाराचं, अमेरिकेत सपशेल पडलेलं गाणं. रिचर्ड सर्लिंग या डीजेने त्याची प्रत १९७३मध्ये फिलाडेल्फियाहून आणली आणि उत्तरेतल्या हॉलमध्ये ते गाजलं. १९८१मध्ये ‘सॉफ्ट सेल’ या जोडीने सिंथेसायझरवर ते पुन्हा केलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. जोडीतला डेव्हिड बॉल ब्लॅकपूलमध्येच वाढलेला.

आता चित्रपट परत आठवून बघा. १९७४, बर्न्सवर्थ नावाचं काल्पनिक गाव. त्या वर्षीच्या जानेवारी ते मार्चमध्ये ब्रिटनमध्ये वीज वाचवायला कारखाने आठवड्यात तीनच दिवस चालत होते. नायक जॉनला शाळेत किंमत नाही. स्टीव्ह कूगनने रंगवलेला तो मास्तर दोन वाक्यांत पोरांची जागा दाखवून देतो. घरी फार बोलणं नाही. (आईच्या भूमिकेत लिसा स्टॅन्सफील्ड आहे, जी स्वतः सोल गाऊन जगभर गाजली. तिला चित्रपटभर गायला दिलेलं नाही, हा विनोद दिग्दर्शिकेने मुद्दाम केला असावा.) यूथ क्लबमध्ये मॅट भेटतो, आणि दोघांचं स्वप्न ठरतं: अमेरिकेला जायचं आणि कोणीही न ऐकलेल्या रेकॉर्ड घेऊन यायच्या. तुम्हाला ही ‘मैत्रीची नेहमीची गोष्ट’ वाटली, पण त्यांच्यात जे बिनसतं ते नुसत्या स्वभावांमुळे बिनसत नाही. या जगात ज्ञान हेच भांडवल आहे आणि ते वाटून घेतलं की कमी होतं. जवळच्या मित्राशीही हातचं राखून वागावं लागतं. गोष्ट हलते ती यामुळे. नाच हा त्या माहितीचा जाहीर पुरावा आहे: गाणं सुरू झाल्या झाल्या, पहिल्या दोन सेकंदांत, कोण फरशीकडे धावतं आणि कोण बघत राहतं. पुन्हा बघाल तेव्हा गाण्याच्या पहिल्या दोन सेकंदांतले चेहरे बघा.

या जगात भांडणंही होती, आणि ती चित्रपटात मावलेली नाहीत. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ब्लॅकपूल मेक्कात इयन लव्हीन आणि कॉलिन कर्टिस नव्या, ताज्या अमेरिकन रेकॉर्ड वाजवायला लागले, तर विगन जुन्या वेगवान गाण्यांना चिकटून राहिलं. ‘लव्हीन हटाओ’ अशी मोहीम चालली. निष्ठा कशाशी, जुन्या गाण्यांशी की दुर्मीळ गाणी शोधण्याच्या रीतीशी, हा तो वाद होता. मी पटकथा लिहिली असती तर हा वाद घेतला असता. पण मी पटकथा लिहीत नाही, दुसऱ्यांच्या कापते.

चित्रपटाच्या उणिवाही सांगते. तो मुलग्यांचा चित्रपट आहे, मुलींचा नाही. अँटोनिया थॉमसची अँजेला पडद्यावर आली की चित्रपट सजीव होतो, आणि मग तिला बाजूला ठेवून पुन्हा पोरांच्या रुसव्या-फुगव्यांकडे जातो. कृष्णवर्णीयांचं संगीत, गोऱ्यांचा हॉल, आणि मध्ये ती. एवढं हाताशी असताना दिग्दर्शिकेने त्यातून फार काही काढलेलं नाही. शेवटच्या तिसऱ्या भागात घटना एकमेकींवर आदळतात, आणि मघाशी ज्या निवांतपणे आपण नाच बघत होतो तो निवांतपणा जातो. एडिटर म्हणून मला तिथे वीस मिनिटांचा नाच अजून चालला असता. तरीही पदार्पणासाठीच्या बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराला नामांकन मिळालं, आणि ज्यांनी ते दिवस काढले होते त्या मंडळींनी मागणी लावून धरल्यामुळे मोजक्या ठिकाणी लागणारा चित्रपट बऱ्याच जास्त थिएटरांत लागला.

तुलनेला दोन गोष्टी बघा. शिमी मार्कसचा ‘सोलबॉय’ (२०१०) याच वर्षांत, स्टोक आणि विगनमध्ये घडतो. मार्टिन कॉम्पस्टन, फेलिसिटी जोन्स, सगळी गोड मंडळी. त्यात नाच ही मुलगी मिळवायची युक्ती आहे. फरक एका दृष्टीक्षेपात कळेल. दुसरी, आणि तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची, टोनी पामरची ‘विगन कॅसिनो’ ही १९७७ची ग्रॅनडा टेलिव्हिजनची डॉक्युमेंटरी. कॅसिनो चालू असताना आत जाऊन चित्रित केलेली. पामरने नाचणाऱ्यांच्या मध्ये गिरण्या-खाणींची जुनी दृश्यं कापून घातली आहेत, आणि एकही वाक्य न बोलता सांगितलंय की आई-बापांची शरीरं यंत्रापाशी झिजली आणि पोरांची शरीरं इथे स्वतःच्या मर्जीने दमतायत. असे कट आज कोणी केले तर मी ‘जरा जास्तच होतंय’ म्हणेन. तिथे मात्र ते चालतात, कारण दोन्ही बाजूंचे चेहरे एकाच गावचे आहेत. कॉन्स्टंटाइनच्या चित्रपटातली गर्दी त्या डॉक्युमेंटरीशेजारी ठेवून आवाज बंद करून बघा. फार कमी चित्रपट या परीक्षेत टिकतात.

तुमच्या लघुपटाबद्दल आता. कोरिओग्राफर आणू नका. आणलाच तर त्याला मुलांकडून शिकायला बसवा. तुमची मुलं आधीच नाचतात, म्हणजे कॉन्स्टंटाइनला जे घडवायला वर्षं लागली ते तुमच्याकडे फुकट आहे. ते घालवायचा एकच मार्ग आहे: त्यांना ‘कॅमेऱ्यासाठी’ नाचायला सांगणं. तासभर आधी जा, कॅमेरा दाखवा, मग त्यांचा नेहमीचा सराव चालू होऊ द्या आणि चेहरा कंटाळलेला दिसायला लागला की रोल करा. भोवतालच्या बघ्यांना भाड्याने आणू नका. बघ्यांनाही काय चाललंय ते कळलं पाहिजे. एखादी अवघड उडी चुकली की ओळखीची गर्दी आणि भाड्याची गर्दी वेगळी कळवळते. आणि रात्रीपेक्षा सकाळ जास्त शूट करा. कॅसिनोतून आठ वाजता बाहेर पडलेली पोरं उजेडात डोळे मिचकावत पोहण्याच्या तलावाकडे किंवा स्टेशनकडे जायची. तुमच्या पोरांची सकाळ कशी असते, कुठल्या नोकरीवर, कुठल्या कॉलेजात ती पोचतात, हे तुम्हाला अजून माहीत नसेल तर शूटिंगची तारीख ठरवू नका.

शेवटचं, रुक्ष पण जीवघेणं: गाण्यांचे हक्क. कॉन्स्टंटाइनने त्या काळच्या मूळ रेकॉर्डच वापरल्या, नक्कल करून घेतल्या नाहीत, आणि ते योग्यच, कारण हा नाच त्याच रेकॉर्डवर बेतलेला आहे. पण कुठल्याही गाण्याचे हक्क दोन ठिकाणी असतात: रचनेचे एकाकडे, ध्वनिमुद्रणाचे दुसऱ्याकडे. एक मिळाला म्हणजे दुसरा मिळाला असं होत नाही. बुडालेल्या छोट्या कंपनीची रेकॉर्ड असेल तर मालक शोधण्यातच महिने जातात. महोत्सवात दाखवायचं, इंटरनेटवर टाकायचं, पुढे विकायचं, या तिन्हींची परवानगी वेगळी लिहून घ्यावी लागते, आणि ‘तीस सेकंद चालतात’ हे जे सगळे सांगतात त्याला कायद्यात आधार नाही. मुलं ज्या गाण्यावर सराव करतात ते मिळणार नसेल तर ते आत्ताच कळू द्या. एखाद्या ओळखीच्या संगीतकाराकडून त्याच लयीचं, त्याच जागी थांबणारं नवं गाणं करून घ्या आणि दोन-तीन महिने मुलांना त्यावरच नाचू द्या. शूटिंग झाल्यावर गाणं बदलायचं म्हणून मटेरियल घेऊन माझ्याकडे आलात तर मी चहा पाजेन, पण काम घेणार नाही.